चौऱ्याण्णव टन

भाद्रपदात ऊस डोक्यावर दोन हात गेला आणि चंदना पाला काढायला त्यात शिरली, ती दसऱ्यापर्यंत जणू आतच राहिली. सकाळी शिरायची, दुपारी भाकरीपुरती बाहेर यायची, पुन्हा शिरायची. आत वारा नसतो. खालचा वाळलेला पाला ओढायचा, सरीत आडवा टाकायचा, पायानं दाबायचा आणि एक पाऊल पुढं सरकायचं. पात्याची कड वस्तऱ्यासारखी. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवून, तोंडाला टॉवेल गुंडाळूनही गालावर, कानाच्या पाळीवर बारीक चिरा पडायच्या. त्यात घाम उतरायचा आणि सगळं तोंड पेटायचं. उसाची कूस, ती बारीक काटेरी लव, मानेत, काखेत, निऱ्यांत शिरायची. संध्याकाळी अंघोळ केली तरी निघायची नाही. खाजवून खाजवून कातडं लाल व्हायचं.

मिरजेच्या पुढं, कृष्णेच्या काठाला मगदुमांचं हे मळीचं रान. वर रस्त्याला लागून एक एकर आणि खाली नदीकडं उतरत गेलेली वीस गुंठ्यांची पट्टी. रान सासऱ्याच्या, पायगोंडाआप्पांच्या नावावर. कारभार नवऱ्याच्या, गोमटेशच्या हातात. आणि काम चंदनाच्या अंगावर. एकुलती लेक पुण्याला शिकायला गेल्यापासून तर घरात तिच्या हाताखाली दुसरा हात नव्हता.

वरच्या एकरातला ऊस तिनं लेकरासारखा वाढवला होता. बेण्याचा एकेक डोळा निवडून परसातल्या ट्रेमध्ये रोपं केली. पाच फुटांच्या सरीत लावली. दोन महिन्यांनी प्रत्येक बुडख्याचा पहिला, जोमदार जेठा कोंब स्वतःच्या हातानं मोडला, म्हणजे मागचे फुटवे सारखे वर येतात. पहिल्या दिवशी मोडताना तिच्या पोटात कालवलं होतं. शेण, गोमूत्र आणि गुळाची स्लरी तिनं दर आठवड्याला बादलीनं वाहिली. खत मात्र चिमटीचिमटीनं.

"अगं, भिकाऱ्याला घातल्यागत का खत घालतीस?" आप्पा बांधावरून म्हणाले होते.

"आप्पा, येकदम ताटभर वाढलं तर कोण खातंय? थोडं थोडं घातलं की अंगाला लागतंय."

आप्पा हसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, चातुर्मासात एकवेळ जेवणारा, बस्तीतनं, म्हणजे जैन मंदिरातनं, आल्यावर काठी घेऊन बांधावर बसणारा. वाटेत गोगलगाय दिसली तर वाकून तिला कडेला ठेवणारा. बोलायचे कमी.

गोमटेश सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सांगलीला जायचा. कधी हळदीचा सौदा बघायला, कधी कुणाच्या सत्काराला, कधी नुसताच. उसात तो दीड वर्षात किती वेळा शिरला, तर फोटो काढायला दोनदा. दोन्ही वेळा बाहेर आल्यावर त्यानं आधी बूट पुसले होते.

पौषात तोड आली. कारखान्याची एकरी उत्पादनाची स्पर्धा होती आणि गोमटेशनं वरच्या एकराचं नाव घातलं होतं. समितीची तीन माणसं आदल्या दिवशी टेप लावून, चारी कोपऱ्यांना बांबू रोवून गेली होती. आता त्यांचं काम एवढंच होतं, की तेवढ्याच रानातला ऊस ट्रॉल्यांत चढतोय का, ते बघायचं. गोमटेशनं रस्त्याकडेला मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, रानाकडं पाठ येईल अशा. शिरा, उप्पीट, चहा. ते सगळं चंदनानं पहाटे उठून केलं होतं आणि भांडी तशीच टाकून रानात आली होती.

धुळा मुकादमाची टोळी तोडायला लागली. कोयते खचाखच चालले. ऊस पडायला लागला तशी टोळीतली माणसंसुद्धा बोलायची थांबली. एकेक कांडं मनगटाएवढं. मोळी उचलताना बायकांच्या मानेच्या शिरा टरारून वर यायच्या.

"वैनी, मराठवाड्यापासनं हितंवर इतकी रानं तोडली," धुळा म्हणाला, "पर असला जड ऊस न्हाई बगितला."

चंदनाला इतकं बरं वाटलं, की तिनं तोंड फिरवलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. तिच्या कामाला कुणी असं नाव घेऊन चांगलं म्हटलेलं तिला आठवत नव्हतं.

ती जनावरांसाठी वाढं, उसाचे तोडलेले हिरवे शेंडे, गोळा करत शेवटच्या सरीपर्यंत गेली, म्हणून तिला ते दिसलं. खालच्या पट्टीत टोळीतली अर्धी माणसं सकाळपासून तोडत होती. तिथं तीन ट्रॉल्या भरून उभ्या होत्या. तिच्या डोळ्यांदेखत ट्रॅक्टर लागले, ट्रॉल्या नदीकडच्या वाटेनं वळसा घालून वर आल्या आणि एकराच्या ट्रॉल्यांच्या ओळीत जाऊन उभ्या राहिल्या.

"हे काय रं धुळा?"

"मालकांनीच सांगितलं. आमाला काय वैनी, ऊस त्यो ऊस."

ती तशीच, डोक्यावर वाढ्याचा भारा घेऊन गोमटेशला गाठायला गेली. तो ट्रॅक्टरच्या आडोशाला उभा होता.

"आवं, खालचा ऊस ह्या वळीत का आणला?"

"हळू बोल."

"वरचाच लय पडलाय. धा ट्रॉल्या निघाल्या. गावात कुणाच्या एकरात धा निघाल्यात?"

"धानं काय हुतंय? चौऱ्याण्णव, पंच्याण्णव. नव्वदीवाले पाचपन्नास हायत. शंभराच्या वर गेल्याबिगार कुत्रं बी इचारत न्हाई."

"पर चौऱ्याण्णव माझा खरा हाय."

"तुझा?" गोमटेश हसला. खरंच गंमत वाटल्यासारखा हसला. "रान कुणाचं, नाव कुणाचं? जा, त्यास्नी च्या दे. आन त्यो शर्ट काढ आधी, माणसं बसल्यात."

तिनं भारा टाकला, शर्ट काढला, हात धुतले आणि चहा नेला. समितीतला जाडा माणूस शिरा खात होता. बोटं तुपानं चकचकत होती, मिशीला साखर लागली होती. शेवटच्या तीन ट्रॉल्या मांडवाच्या शेजारनं पुढं सरकल्या. खालच्या पट्टीतला तो ऊस, बोटाएवढा बारीक. आंधळ्यालाही फरक कळावा. जाड्याची नजर ट्रॉलीवर गेली, तिथं जरा थांबली आणि परत बशीवर आली.

"वहिनी, शिऱ्यात केळं घातलंय न्हवं? झकास."

त्यानं बोट चाटलं. पलीकडं बांधावर आप्पा बसले होते. त्यांनीही ट्रॉल्या बघितल्या होत्या. तिनं त्यांच्याकडं बघितलं तसं त्यांनी काठीनं मातीत रेघोट्या ओढायला सुरुवात केली.

वजनाच्या चिठ्ठ्या आल्या तेव्हा तिनं पहिल्या दहांची बेरीज केली. चौऱ्याण्णव टन आणि वर थोडं. तेराची केली. एकशेबावीस.

जिल्ह्यात पहिला नंबर आला.

त्यानंतर घरात माणसांची रीघ लागली. शाली आल्या, फेटे आले, काचेच्या ढाली आल्या. ढाली ठेवायला चंदनाच्या डब्यांची फळी रिकामी केली, डबे खाली जमिनीवर आले. कारखान्याच्या सत्काराला तिला नेलं. स्टेजवर गोमटेशच्या मागं उभं केलं, एक ब्लाऊजपीस आणि नारळ हातात दिला. दुसऱ्या दिवशी पेपरातल्या फोटोत तिचा फक्त कोपर आला होता. त्या कोपरावर पात्याची जुनी चीर स्पष्ट दिसत होती.

मग सांगलीचा ऋषिराज आला. तिशीतला पोरगा, अंगात जाकीट, केसांना काहीतरी चोपडलेलं, बोलायला लागला की हात थांबायचे नाहीत. तो माणसांना यशस्वी कसं व्हायचं ते शिकवायची शिबिरं भरवायचा. आधी विमेवाल्यांची, क्लासवाल्यांची भरवायचा. आता त्याला शेतकऱ्यांची भरवायची होती.

"दादा, लोकांना खतपाण्यात इंटरेस्ट नसतो," तो स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून म्हणाला. "लोकांना माणूस पाहिजे असतो. तुमच्यात असं काय आहे, जे दुसऱ्यात नाही? ते सात गुण आपण काढू."

"सातच का?" गोमटेशनं विचारलं.

"सात लक्षात राहतात."

चंदना भाकऱ्या थापत होती. दोन तास ते दोघं गुण काढत बसले. जिद्द लगेच आली. शिस्त आली, धाडस आलं. चिकाटी आणि सातत्य एकच का वेगळं यावर वाद झाला, शेवटी दोन्ही घेतले, कारण सात भरत नव्हते. "पहाटे उठणं" हे ऋषिराजनं सुचवलं. गोमटेशनं क्षणभर चंदनाकडं बघितलं आणि "व्हय, ते हायच," म्हणाला. तो आठाच्या आत कधी उठला नव्हता.

"वहिनी, तुम्ही सांगा. दादांचा कुठला गुण तुम्हाला सगळ्यात मोठा वाटतो?"

"लाज वाटत न्हाई त्यास्नी कशाची," चंदना म्हणाली.

ऋषिराज टाळी वाजवून हसला. "क्या बात है! न्यूनगंड नसणं. हे घ्यायलाच पाहिजे." आणि त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उचलून चुलीत घातली. घरात अन्न जाळलेलं आप्पांना चालायचं नाही, पण त्या दिवशी ते काही बोलले नाहीत.

माघात सांगलीला पहिलं मोठं शिबिर झालं. सातारा, सांगलीकडनं पाचसहाशे शेतकरी आले होते. गोमटेश पांढरा शर्ट, वर जाकीट अशा वेशात दीड तास बोलला. चांगला बोलला. दवात भिजत रानात गेलेल्या पहाटा सांगितल्या, हाताला पडलेल्या चिरा सांगितल्या, जेठा कोंब मोडताना पोटात कसं कालवलं ते सांगताना त्याचा आवाज भरून आला. चंदना तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होती. ते तिनंच एकदा जेवताना त्याला सांगितलं होतं. तेव्हा तो मोबाइल बघत होता, आणि तिला वाटलं होतं त्यानं ऐकलंच नाही.

शेवटी एक म्हातारा शेतकरी उभा राहिला. "सायेब, ह्ये समदं आमी बी करतो. पहाटं उठतो, राबतो. साठाच्या वर ऊस जात न्हाई. तुमी येगळं काय केलं, ते सांगा."

गोमटेश अडला. पाण्याचा ग्लास उचलला, दोन घोट घेतले. मग म्हणाला, "डबल डोस. समदे भित्यात. मी युरिया डबल टाकला. शेजारी हसली, घरातली आडवी आली, म्हणली ऊस जळंल. मी म्हणलं, जळू दे. काका, यश भित्र्याला मिळत न्हाई."

हॉल टाळ्यांनी दणाणला. पुढच्या खुर्च्यांवरची माणसं वहीत लिहून घेत होती. चंदना उठून बाहेर गेली आणि जिन्याशेजारच्या बेसिनला धरून उभी राहिली.

घरी जाताना तिनं मोटरसायकलवर मागनं विचारलं, "डबल कवा टाकला? कारखान्यानं सांगितल्यापेक्षा मी कमीच टाकलाय. लोकं ऐकून टाकतील. ऊस लोळंल, कुजंल."

"मग काय सांगू?" तो वाऱ्यावर ओरडून म्हणाला. "अठ्ठावीस टन कुठनं आला म्हणून सांगू?"

पुढचं वर्षभर तो गावोगाव हेच सांगत फिरला. कोरेगाव, कराड, तासगाव. प्रत्येक ठिकाणी डबल डोसला टाळी मिळायची. चंदना खोडव्याच्या, तुटलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसाच्या, मागं राबत होती, कारण ऊस खोटं बोलला नव्हता आणि त्याला उपाशी ठेवणं तिला जमलं नाही.

पुढच्या माघात ऋषिराजनं शिवारफेरी ठरवली. यशस्वी शेतकऱ्याचं रान बघायला दोन बसगाड्या भरून माणसं आली. दारात मांडव पडला, आप्पांना पांढरा फेटा बांधून पुढच्या खुर्चीत बसवलं. चंदनानं शंभर माणसांची आमटी, भात, लापशी केली. बाया हातपाय धुवायला परसात येत होत्या. त्यातली एक परत गेलीच नाही. हौदाच्या कट्ट्यावर बसून राहिली. पन्नाशी उलटलेली, काळी, हाडापेरानं रुंद. नखांत माती. पदराच्या टोकात कागदाची घडी.

"मावशी, जेवाय चला की."

"जेवते. तुमी त्येंच्या मालकीण न्हवं?"

"व्हय."

"मी राहीबाई. कोरेगावाकडची. वाइच इचारायचं हुतं. त्येंच्याजवळ जायला लाज वाटती, म्हणून तुमास्नी इचारते."

तिनं घडी उलगडली. वहीचा कागद, पोरीच्या अक्षरात लिहिलेला. सात गुण. "लेकीकडनं लिवून घेतलं हुतं तिथल्या सभंत. भिताडाला चिकटिवलं. रोज वाचून घ्यायची. एकरभर ऊस लावला. पहाटं तीनला उठाय लागले. मालक म्हणला, येड लागलं हिला. खत बी डबल टाकलं, भ्याले न्हाई. म्हस इकली त्येच्यापायी. हिरवागार आला बघा, काळा पडल असा हिरवा. आन सरावणात समदा लोळला. पाण्यात पडून कुजला, उंदरांनी खाल्ला. ट्रॉलीवाला नाकाला फडकं लावून आला. एकोणतीस टन."

चंदनाच्या हातातल्या पळीवरनं आमटी टपटप पायावर पडत होती.

"त्येचं काय न्हाई," राहीबाई म्हणाली. "पडतंय, झडतंय. पर मी सरावणापासनं ह्यो कागद घेऊन बसत्ये. येक येक गुण बघत्ये. जिद हुती. उठायची बी पहाटं. धाडस तर केलंच की. मग माज्यात ह्यातलं काय कमी पडलं गं बाई? तुमी त्येंच्यासंगं ऱ्हाता, तुमास्नी ठावं आसल. तेवढं सांगा. मी सुदारते."

बाई हात जोडत नव्हती, रडत नव्हती. दवाखान्यात आपला आजार कोणता ते विचारावं, तसं विचारत होती. चंदनाला घाण वाटली. गोमटेशची वाटली, त्या जाकीटवाल्याची वाटली, शिरा खाणाऱ्याची वाटली. आणि सगळ्यात जास्त स्वतःची वाटली. वर्षभर ती पाठीमागं उभी राहून चहा देत आली होती.

"मावशी, उठा," ती म्हणाली. "माझ्यासंगं या."

मांडवात गोमटेश बोलायला उभा राहिला होता. ऋषिराज शेजारी दुसरा माइक घेऊन होता. चंदना सरळ गेली आणि ऋषिराजच्या हातातनं माइक घेतला. पदराला आमटीचे डाग, कपाळावर घाम. माइकमध्ये आधी तिचा श्वासच मोठ्यानं ऐकू आला.

"माझ्या एकरात चौऱ्याण्णव टन ऊस पडला हुता. एकशेबावीस न्हाई. जादाचा अठ्ठावीस खालच्या पट्टीतला हाय, त्यो ह्येनी ट्रॉल्यांत मिसळला. डबल खत कुणी टाकलं न्हवतं. मी लावला, मी वाढवला, मला ठाऊक हाय. तुमी टाकू नका. ऊस कुजंल."

एक क्षणभर गोमटेशचा चेहरा पांढरा पडला. पुढच्या खुर्चीतले आप्पा हाताच्या आधारानं अर्धे उठले. तिला वाटलं, आता बोलतील. ते तसेच वाकून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

तेवढ्यात ऋषिराजनं गोमटेशच्या हातातला माइक घेतला. त्याचा आवाज मधासारखा झाला होता. "बघा मित्रांनो! बघा! एकशेबावीस टन काढणाऱ्या घरातली लक्ष्मी काय म्हणते? म्हणते, एवढं मोठं श्रेय आम्हाला देऊ नका, आम्ही साधी माणसं. याला म्हणतात विनम्रता! यशातही पाय जमिनीवर राहिलेली ही माणसं. वहिनींसाठी जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या पडल्या. आधी पुढून, मग सगळीकडून. दोनचार माणसं एकमेकांकडं बघत होती, एकानं मान हलवली, पण त्यांचेही हात वाजत होते. कुणीतरी फोटो काढला. चंदना माइक हातात धरून उभी होती आणि टाळ्या तिच्या अंगावर थुंकीसारख्या पडत होत्या.

तिनं माइक खुर्चीवर ठेवला आणि मांडवातून बाहेर पडली. मागनं राहीबाई आली. तिच्यामागं आणखी चार बाया आल्या, न बोलता.

ती त्यांना वरच्या एकरात घेऊन गेली. खोडवा तोडायला आला होता. पहिल्या सरीशी बसून तिनं बुडख्याची माती हातानं बाजूला केली, मुळ्या दाखवल्या. किती खत, कधी, कशाबरोबर, ते सांगितलं. मूठ दाखवली. एवढंच. महिन्याला नाही, आठवड्याला. बाया विचारत गेल्या, ती सांगत गेली. राहीबाई मात्र काही विचारत नव्हती. शेवटी म्हणाली, "मंजी माज्यात कमी काय न्हवतं?"

"खत जादा हुतं मावशी," चंदना म्हणाली. "बाकी काय कमी न्हवतं."

राहीबाई सरीतच बसली. मग तिनं मांडवाकडं तोंड करून आईबहिणीवरून अशी काही शिवी हासडली, की बाकीच्या बायांनी पदर तोंडाला लावला. दुसरी हासडली. तिसरी अर्धीच सोडून ती उठली आणि बसगाडीकडं चालायला लागली. जाताना तिनं चंदनाचा फोन नंबर घेतला. आभार मानले नाहीत.

गाड्या गेल्यावर गोमटेश परसात आला. चंदना मोठी पातेली घासत होती. आता मार बसेल, नाहीतर शिव्या बसतील, अशा तयारीनं तिनं हातातली राख खाली ठेवली. तो खूश होता.

"काळजात धस्स झालं हुतं माझ्या," तो म्हणाला. "पर बरंच झालं बोललीस. ऋषिराज म्हणतोय, लोकांना लय भिडलं. पुढच्या शिबिराला तुला बी न्यायचं म्हणतोय. असंच बोलायचं, येवढंच. साडी नवी घेऊ."

"मी खरं बोलले."

"व्हय गं. म्हणूनच भिडलं."

त्याच्या दातात लापशीतलं खोबरं अडकलं होतं. ते जिभेनं काढत तो उभा होता. चंदनानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. तेवीस वर्षं ह्या तोंडासमोर ताट वाढलं होतं. ती उठली, गोठ्यामागं गेली आणि ओकली. दिवसभर पोटात काही नव्हतं. नुसतं कडू पाणी पडलं.

आप्पा गोठ्याच्या दाराशी तांब्या घेऊन उभे होते. तिनं चूळ भरली.

"तुमी उठलासा तवा वाटलं, बोलशिला."

"गुडघं उठलं," आप्पा म्हणाले. "जीभ उठली न्हाई." फेटा अजून त्यांच्या डोक्यावर होता. तो काढून त्यांनी खुंटीवर अडकवला नाही, गव्हाणीत टाकला.

"आप्पा, उद्यापासनं मी वरच्या रानात जाणार न्हाई. खालची पट्टी माझ्याकडं द्या. तिथं जे पिकंल ते माझ्या नावानं पिकंल."

"उद्या कशाला," आप्पा म्हणाले. "तलाठ्याला आजच फोन करतो."

गोमटेशनं आदळआपट केली, चार दिवस बापाशी बोलला नाही. पण रान बापाचं होतं. खालच्या पट्टीचा खोडवा तुटून गेल्यावर चंदनानं बुडखे काढले, रान नांगरून घेतलं आणि नवी रोपं लावली. जेवण ती दोघांचंही करायची, ताट झाकून ठेवायची. गोमटेशसमोर बसायची नाही. शिबिराला ती गेली नाही. तिच्या वाट्याची विनम्रता ऋषिराज आता तोंडानंच सांगायचा.

वरच्या एकरात गोमटेशनं मजूर लावले. मजुरांना कोण बघणार, तो गावोगाव यशावर बोलत होता. पावसाळ्यात सऱ्यांत गवत कंबरेएवढं झालं. पुढच्या पौषात तिथनं एकतीस टन ऊस निघाला. लोक विचारायला लागले, तेव्हा त्यानं तासगावच्या शिबिरात भर सभेत ते स्वतःच सांगितलं. अपयश पचवणं हा आठवा गुण, म्हणाला. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते, असं आप्पांना बस्तीत कुणीतरी सांगितलं.

त्याच आठवड्यात राहीबाईचा फोन आला. चंदना पट्टीत वाढं बांधत होती.

"तुटला गं बाई ऊस," राहीबाई म्हणाली. "बावन्न पडला."

"बावन्न लय झाला मावशी. पयल्याच सालाला."

"तुजा?"

"वीस गुंठ्यात छत्तीस."

पलीकडं राहीबाई हिशेब करत होती. ओठ हलल्याचा आवाज येत होता.

"मंजी एकरी बाहत्तर," ती म्हणाली. मग थोडं थांबून तिनं विचारलं, "खरं?"

"खरं," चंदना म्हणाली.